बोटं मिटतात

संध्याकाळपासून एकाच गोष्टीने बेचैन आहे. स्वतःलाच भिकारी म्हणून काढायचं, म्हणून आरशासमोर झिंकची प्लेट घेऊन बसले, केस विस्कटले, तोंड अर्धवट उघडलं. हात मात्र पसरता येईना. पसरला की बोटं आपोआप मिटायची.

डच चित्रकार रेम्ब्रांटने हे २४व्या वर्षी केलं, लायडनमध्ये, १६३० साली. पोस्टकार्डाहूनही लहान एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने रेषा ओढून, त्या अ‍ॅसिडने खोदून छापलेलं चित्र. उंचवट्यावर बसलेला भिकारी, अंगावर चिंध्या, तोंड वासलेलं, तळहात पुढे. चेहरा स्वतःचा. त्याला कसं जमलं? माझा तर त्या दिवशी फोनवरही आवाज फुटेना. दादा एक शब्द बोलला नाही, पाच मिनिटांत पैसे आले. बोलला असता तर बरं झालं असतं. या वयात ही पाळी माझ्यावरच यावी... जाऊ दे.

मग कालोच्या भिकाऱ्यांची चित्रं उघडून बसले. आजच्या फ्रान्समधल्या नान्सीचा एचिंगकार जाक कालो, साधारण १६२२ची ती २५ चित्रं. एका कागदावर बहुतेक एकच माणूस, मागे ना दार, ना रस्ता. पहिल्याच चित्रातल्या झेंड्यावर ‘लुच्च्यांचा सरदार’ अशा अर्थाचे शब्द. म्हणजे हात पसरणारा लबाडच, हे आधीच ठरलेलं. फुगत जाऊन निमुळती होणारी ती रेषा इतकी देखणी आहे, म्हणून जास्तच राग येतो.

रेम्ब्रांटने ही चित्रं पाहिली होती. पण १६४८च्या एचिंगमध्ये त्याने दार काढलं. दारातून वाकलेला म्हातारा, समोर पाठीवर मूल घेतलेली बाई, आणि तिच्या तळहातावर टेकणारं नाणं. तिची बोटं उघडी आहेत. मी आज तेवढीच बघत राहिले. आठ वर्षांनी, १६५६मध्ये, त्याचंच दिवाळं निघालं, घरातल्या एकेका वस्तूची यादी झाली. तेव्हा त्याला तो जुना भिकारी आठवला असेल का?

उजव्या हातात सुई, म्हणून मी डावा पुढे केला होता. डाव्या हाताने कुणी मागतं का, म्हणून बोटं मिटत असतील, अशी समजूतही घालून पाहिली. तसं नाही, ते मलाही ठाऊक आहे.

शेवटी मिटलेली बोटंच काढली. ग्राउंडवर, म्हणजे प्लेटवरच्या अ‍ॅसिड रोखणाऱ्या थरावर, सुई फिरली, खालचं झिंक चमकलं. आरशात उलटा दिसलेला हात छापात पुन्हा उलटेल, माझा डावा कागदावर डावाच येईल. सकाळी प्लेट अ‍ॅसिडमध्ये सोडते. पहिला छाप दादाला.