रंगाआधी विकलेली स्पिटफायर

माझी १९७३ ची ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गेल्या महिन्यात विकली. तिची दुरुस्ती पूर्ण झाली नव्हती. रंग बाकी होता, आतलं अस्तर बाकी होतं, कापडी टप गुंडाळून माळ्यावर पडला होता. आम्ही आता जिथे राहायला चाललोय तिथे गॅरेज नाही, आणि इथल्या पावसात नुसता प्रायमर मारलेला पत्रा उघड्यावर ठेवायचा म्हणजे आजवरचं काम गंजाच्या घशात घालायचं. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, अर्धवट गाडी घेणार कोण?"

घेणारे भरपूर आहेत. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत अर्ध्यावर राहिलेल्या गाड्यांचा एक वेगळाच विभाग असतो. कुणाला मूल होतं, कुणाची बदली होते, कुणाची पाठ धरते, आणि गाडी तशीच राहते. दुसरीकडे असेही लोक आहेत ज्यांना तयार गाडी नकोच असते. त्यांना हिवाळाभर हाताला काम हवं असतं. या दोघांची गाठ पडली की व्यवहार होतो.

गंमत म्हणजे स्पिटफायर स्वतःच अशीच जन्माला आली. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनी पैशांच्या अडचणीत होती, त्यामुळे इटालियन डिझायनर जिओव्हानी मिकेलोत्तीने आखलेला हिचा नमुना कारखान्यात झाकून ठेवला गेला. १९६१ मध्ये लेलंडने कंपनी विकत घेतली, नव्या लोकांच्या नजरेला तो पडला आणि १९६२ मध्ये गाडी बाजारात आली. पुढे १९८० पर्यंत ती इथेच, कॉव्हेंट्रीच्या कॅनलीमध्ये बनत होती. त्या कारखान्याच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे आणि तिथल्या एका रस्त्याचं नाव हेराल्ड अव्हेन्यू आहे.

हेराल्ड म्हटल्यावर घरातल्या थोरांना ओळख पटली असेल. सांगलीच्या मोठ्या काकांकडे होती ती स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला बनायची, पण मूळ इथलं, ट्रायम्फ हेराल्डचं. स्पिटफायरची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, त्याच हेराल्डची, आखूड केलेली. काका बॉनेट पुढच्या बाजूला कलंडवायचे तेव्हा मडगार्डांसकट गाडीचं सगळं नाक उचललं जायचं आणि आम्ही पोरं चाकावर बसून इंजिन बघायचो. स्पिटफायरचं बॉनेटही अगदी तसंच उघडतं. मी हीच गाडी का निवडली याचं खरं कारण ते आहे.

आता पत्र्याकडे येते, कारण या गाडीचं मोल पत्र्यात आहे. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी दांडे असतात. स्पिटफायरला ते नाहीत, मधोमध फक्त कणा आहे. त्यामुळे दाराखालची पत्र्याची पेटी, जिला इथे सिल म्हणतात, तीच गाडीचा भार पेलते. ती बाहेरचा पत्रा, मधला मजबुतीचा पत्रा आणि आतला पत्रा अशी तीन थरांची. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते आणि पेटी आतून खायला सुरुवात होते. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण.

आमची गाडी आणली तेव्हा दोन्ही सिल गेलेली होती. जुना पत्रा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावा लागतो, नाहीतर बॉडी मधून खाली बसते आणि मग दार लागतच नाही. शेजारचे आजोबा तरुणपणी कॅनलीत जोडणीच्या कामावर होते. दाराच्या मागच्या कडेची फट वर किती, खाली किती हे ते बोट घालून बघायचे. वेल्डिंगचा एकेक टाका घालायचा, थांबायचं, पुन्हा फट बघायची. पत्रा तापला की ओढतो, म्हणून एका जागी सलग वेल्ड करू द्यायचेच नाहीत. हे काम आमचं इतकं चांगलं झालं की दार आजही एका बोटाने लागतं. त्याचा मला खरोखर अभिमान आहे.

विकताना अडचण अशी की हे सगळं काम आता झाकलेलं आहे. गिऱ्हाइकाला दिसतो तो करडा प्रायमर. म्हणून मी जाहिरातीत गाडीचा देखणा फोटो एकच टाकला आणि बाकी सगळे कामाचे: कापलेला पत्रा, चौकटीतले आधार, मधला थर बसवलेला पण बाहेरचा अजून न लावलेला. त्याखाली आधी काय राहिलंय ते लिहिलं. ओव्हरड्राइव्हची, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेल्या जादा गिअरची, वायर जोडलेली नाही. डाव्या दाराची काच वर जाताना अडते. गिअरबॉक्स उघडलेला नाही. झालेल्या कामाची यादी त्याच्या खाली. शेजाऱ्यांना हा क्रम पटला नाही, पण मला वाटतं, राहिलेलं काम गिऱ्हाइकाला गॅरेजमध्ये आल्यावर सापडलं तर त्याचा झालेल्या कामावरचाही विश्वास उडतो.

किंमत अडीच हजार पौंड ठेवली. नुसत्या सुट्या भागांच्या पावत्यांची बेरीज यापेक्षा जास्त होती, मजुरी तर धरलेलीच नाही. इथे हे सगळ्यांना ठाऊक असतं. चांगल्या रंगकामाचाच खर्च कधी कधी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातो, त्यामुळे घातलेला पैसा वसूल होईल या हिशेबाने या गाड्यांना कुणी हात लावत नाही.

पहिले आलेले गृहस्थ सीटवर बसले, स्टिअरिंग हातात घेतलं, बायकोकडून फोटो काढून घेतला आणि रंगाला किती लागतील असं विचारून गेले. नंतर एक मुलगी आली, नॉर्थहॅम्प्टनहून, विशीतली, वडिलांना घेऊन. तिने आल्या आल्या खिशातून लोहचुंबक काढला आणि सिलवरून हळूहळू फिरवला. पुट्टी भरली असती तर तिथे तो धरला नसता. मग वडिलांना क्लच दाबायला सांगून स्वतः इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे टॉर्च धरून बसली. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकली तर क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, थ्रस्ट वॉशर गेलेत असं समजायचं, आणि या इंजिनांचं ते जुनं दुखणं आहे. पुली सरकली नाही. शेवटी तिने विचारलं, "पुढच्या ट्रनियनमध्ये काय घालता, ग्रीस की तेल?" मी म्हटलं, गिअरचं तेल. ट्रनियन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो आट्यांचा सांधा. तिथे ग्रीस नीट पोचत नाही, आटे कोरडे पडतात, गंजतात, आणि एक दिवस चालता चालता चाकच आत दुमडतं. ती वडिलांकडे बघून हसली. गाडी हिलाच द्यायची हे माझं तिथेच ठरलं. तिने घासाघीस केली, मी थोडे कमी केले.

कागदपत्रांचं थोडं लिहिते, कारण आपल्याकडच्या आरसी बुकाच्या सवयीने इथे गोंधळ होतो. इथल्या व्ही५सी या कागदावर गाडी कुणाच्या नावे नोंदलेली आहे ते असतं, पण तो मालकीचा पुरावा नाही असं त्यावरच छापलेलं आहे. म्हणून विक्रीची सही केलेली पावती दोघांकडे हवी. आमची गाडी रस्त्यावर वापरात नाही अशी नोंद केलेली होती, त्यामुळे ती चालवत नेता येत नव्हती. तिने ट्रेलर आणला. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर भरावा लागत नाही, आणि २०१८ पासून मूळ रचनेत मोठा बदल नसेल तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरी रंगानंतर एकदा तपासणी करून घे, असं मी तिला सांगितलं. ब्रेकच्या नळ्या मी स्वतः टाकल्यात, आणि त्या तिऱ्हाईत डोळ्यांनी बघायलाच हव्यात. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या आहेत. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने चिरतं.

गाडीबरोबर पावत्यांची फाईल दिली, नटबोल्टच्या नावं घातलेल्या पिशव्या दिल्या, आणि गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मागवलेलं प्रमाणपत्रही दिलं. कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून गाडी केव्हा बनली, कुठल्या रंगात बाहेर पडली हे त्यात लिहिलेलं असतं. आमचा रंग सफायर ब्लू. काल तिचा निरोप आला की गाडी लाल करायचा विचार आहे. मी लांबलचक उत्तर लिहिलंय: गाडी तुझी आहे, पण त्या निळ्यात बॉनेटवरची मधली रेघ जशी उठून दिसते तशी लालमध्ये दिसत नाही, आणि डॅशबोर्डमागे मूळ निळा पत्रा अजून शाबूत आहे, निर्णय घेण्याआधी तो एकदा उन्हात बघ. शनिवारी उघडून बघते म्हणालीय.