रॉकप्रो६४: एसपीआयमधलं यू-बूट पुन्हा जागेवर

तीन संध्याकाळी गेल्या, पण रॉकप्रो६४ हे माझं छोटं कॉम्प्युटर-बोर्ड उठलं. त्याचा बूटलोडर यू-बूट (वीज दिल्यावर सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आता पुन्हा एसपीआय फ्लॅशवरूनच, म्हणजे बोर्डवरच्या छोट्या मेमरी चिपवरूनच, चालू होतोय.

बिघाड माझ्याच हातून झाला होता. नवं यू-बूट फ्लॅशमध्ये लिहिलं जात असताना बराच वेळ काही हालचाल दिसेना, म्हणून मी वीज काढली. सुरुवातीचा एसपीएल (मुख्य यू-बूट आणून चालवणारा छोटा भाग) शाबूत राहिला, मुख्य यू-बूट अर्धवट. सिरियलवर (बोर्डचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या जोडणीवर) ‘ट्राइंग टू बूट फ्रॉम एसपीआय’पर्यंत यायचं आणि पुढे काहीच नाही. हे वाचायलाच पहिली संध्याकाळ गेली: बोर्डवरच्या आरके३३९९ प्रोसेसरचा सिरियल १५,००,००० बॉडच्या वेगाने बोलतो आणि माझा जुना सीपी२१०२ यूएसबी-सिरियल अडॅप्टर १०,००,०००च्या पुढे जात नाही. एफटी२३२ अडॅप्टर लावल्यावर अक्षरं उमटली.

चालतं यू-बूट असलेलं एसडी कार्ड घालूनही उपयोग होईना. प्रोसेसरमधला बूटरॉम (वीज देताच चालणारा, न बदलणारा कोड) आधी एसपीआय बघतो, नंतर ईएमएमसी (बोर्डची साठवण चिप), सगळ्यात शेवटी कार्ड. एसपीआयच्या सुरुवातीला वैध हेडर (कोडची ओळखखूण) दिसला की तो तिथलाच कोड चालवतो. पुढचा भाग फाटलेला आहे हे त्याला कळत नाही. फ्लॅश पूर्ण कोरी असती तर बोर्ड सरळ कार्डवरून उठलं असतं.

म्हणून बूटरॉमपासून फ्लॅश लपवायची. बोर्डवरच्या पिनांच्या ओळीतल्या २३ (एसपीआय क्लॉक, जो दाबला की फ्लॅश उत्तर देत नाही) आणि २५ (ग्राउंड) या पिना जंपरने जोडून वीज दिली, आणि कार्डवरचं यू-बूट आलं! खरी गोम जंपर काढण्याच्या वेळेत आहे. यू-बूटचं काउंटडाउन थांबवून प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची जागा) मिळाला की लगेच काढायचा. पहिल्यांदा मी तो तसाच ठेवला, तर ‘एसएफ प्रोब’ या फ्लॅश शोधणाऱ्या आज्ञेला चिप ओळखताच आली नाही. काढल्यावर १६ एमआयबीची फ्लॅश लगेच दिसली.

पुढचं सोपं होतं: कार्डवरून फाइल मेमरीत, मग ‘एसएफ अपडेट’ने ती फ्लॅशमध्ये. फाइल मात्र ‘यू-बूट-रॉकचिप-एसपीआय.बिन’च हवी. बूटरॉम एसपीआयमधून वाचताना दर ४ केबीतले पहिले २ केबीच घेतो, त्यामुळे कार्डसाठीची इमेज इथे चालत नाही. लिहून झाल्यावर ‘एसएफ रीड’ने परत वाचून ‘सीएमपी.बी’ने ताडून पाहिलं, एकही बाइट वेगळा निघाला नाही.

कार्ड काढून दहा वेळा वीज बंद-चालू केली. दहाही वेळा प्रॉम्प्ट आला. उद्या एनव्हीएमई एसएसडीवरून सिस्टिम चढवून बघतो.