थर्टी-थर्टीसाठी ॲमो निवडताना: थंड बॅरलची पहिली गोळी

मंडळी, थर्टी-थर्टीचं (.३०-३० काडतुसाच्या माझ्या शिकारी रायफलीचं) काम बरंच पुढे सरकलंय म्हणून जरा मोठा अपडेट देतेय. पेनसिल्व्हेनियात हरणाचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो (२०१९ च्या आधी सोमवारी व्हायचा), आणि त्याच्या आत माझ्या मार्लिन ३३६ साठी एक काडतूस पक्कं करायचं होतं. नवीन लोकांसाठी सांगते, रायफल रेमिंग्टनने मार्लिन कंपनी घ्यायच्या आधीची आहे, वीस इंची बॅरल, मायक्रो-ग्रूव्ह रायफलिंग (बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या उथळ खाचा), त्या खाचांचा दहा इंचाला एक वेढा, वर २-७ पटींचा साधा स्कोप. आपल्याकडे हरणाला सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल चालत नाही त्यामुळे हाताने काडतूस चढवायच्या लिव्हर आणि पंपला अजून मान आहे, आणि मी जिथे बसते तिथल्या लॉरेलच्या झाडीत शंभर यार्डांपलीकडचं हरीण दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता मुद्दा. ॲमो, म्हणजे काडतुसं, निवडताना सगळे बेंचवर (रायफल टेकवून मारायच्या टेबलावर) बसून पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, मोजतात, मीही मोजते, पण हरणाच्या रायफलीला तो आकडा दुसऱ्या नंबरचा. हरणावर सुटते ती थंड बॅरलची पहिली गोळी, ती कुठे लागते हे बघायचं. म्हणून मी प्रत्येक ॲमोसाठी एक वेगळा कागद ठेवलाय. रेंजवर गेलं की ज्या ॲमोची पाळी असेल त्याची पहिली गोळी त्याच्याच कागदावर, मग कागद काढून तारीख आणि तापमान लिहून फाइलमध्ये, पुढच्या वेळी तोच कागद परत लावायचा. असं करत करत कित्येक सकाळींच्या थंड गोळ्यांचा मिळून एक ग्रुप तयार होतो आणि त्या ग्रुपवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. वेळ खूप जातो, मान्य, पण याला शॉर्टकट मला तरी दिसत नाही.

लिव्हर ॲक्शनला हे इतकं का लागू पडतं ते बघा. बोल्ट ॲक्शनमध्ये (दांडा मागेपुढे करून भरायच्या रायफलीत) बॅरल मोकळी ठेवता येते, इथे पातळ बॅरल, तिच्याखाली मॅगझिनची (काडतुसं भरायची) नळी, दोघींना बांधणारा बँड, वरून फोरएन्डचं (पुढच्या हाताने धरायचं) लाकूड, सगळं एकमेकांना धरून बसलेलं. बॅरल तापली की लांबते, आणि नळी तेवढी तापलेली नसते, मग खेचाखेची सुरू होते आणि गोळ्या सरकत जातात, बहुतेक वेळा एकाच दिशेला. त्यामुळे पाच गोळ्यांचा ग्रुप पसरला की लोक ॲमोला दोष देतात आणि खरं कारण घाई असतं. मी आता दोन गोळ्यांमध्ये बॅरल हाताला थंड लागेपर्यंत थांबते. सँडबॅग कायम फोरएन्डच्या खाली, रिसीव्हरच्या (मधल्या यंत्रणेच्या धातूच्या भागाच्या) जवळ, बॅरलला किंवा नळीला काहीही टेकवायचं नाही. आणि मॅगझिन जंगलात जशी भरणार तशीच भरून टेस्ट करायची, कारण भरलेल्या आणि रिकाम्या नळीचं वजन वेगळं असतं आणि ते वजन बॅरलला लटकलेलं असतं.

ॲमोकडे येऊ. .३०-३० विंचेस्टर हे १८९५ पासूनचं काडतूस, .३० कॅलिबर आणि मूळ लोडमध्ये ३० ग्रेन (वजनाचं लहान माप) स्मोकलेस पावडर म्हणून थर्टी-थर्टी. प्रेशरची मर्यादा ४२,००० पीएसआय, म्हणजे आजच्या काडतुसांच्या मानाने कमीच. दुकानात गोळीची मुख्य तीन वजनं दिसतात, १५०, १६० आणि १७० ग्रेन. १५० आणि १७० बहुतेक चपट्या किंवा गोल नाकाच्या असतात कारण नळीत एका गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बार पेटवणाऱ्या टोपीला) टेकलेलं असतं आणि तिथे कडक टोकदार गोळी म्हणजे धक्क्याने नळीतच बार उडायचा धोका. हॉर्नडी कंपनीने आपल्या लिव्हरेव्होल्यूशन काडतुसातल्या १६० ग्रेन एफटीएक्स गोळीला मऊ, दबणारं टोक देऊन हा प्रश्न सोडवला. तिचा बीसी (हवा कापायची क्षमता) ०.३३० आणि त्यांच्याच १७० ग्रेनच्या चपट्या गोळीचा ०.१८९, एवढा फरक. शंभर यार्डांत तो फारसा जाणवत नाही, दोनशेला मात्र खूप.

बॉक्सवरचा वेग चोवीस इंची टेस्ट बॅरलचा असतो हे ध्यानात ठेवा. १५० ला २३९० फूट प्रति सेकंद लिहिलेलं असतं, १७० ला २२००, माझ्या वीस इंचात दोन्ही सुमारे शंभरने कमी निघतात. म्हणून ड्रॉपचं (गोळी किती खाली येते त्याचं) टेबल बॉक्सवरून न घेता आपल्या क्रोनोग्राफच्या (वेग मोजायच्या यंत्राच्या) आकड्यावरून काढलेलं बरं.

आता निकाल, सगळे शंभर यार्डांवर. एक १५० ग्रेनचं काडतूस (नाव देत नाही, दुसऱ्या बॅरलमध्ये तेच उत्तम चालू शकेल) बेंचवर छान ग्रुप देत होतं पण थंड गोळी दर वेळी नव्या जागी, कधी वर, कधी तीन इंच डावीकडे. बाद. लिव्हरेव्होल्यूशन १६० चा ग्रुप सगळ्यात लहान, दीड इंचाच्या आसपास, जुन्या थर्टी-थर्टीकडून याहून जास्त मी मागणार नाही. फेडरल पॉवर-शॉक १७० चा ग्रुप साधारण अडीच इंच, बेंचवरच्या ग्रुपने बघितलं तर लिव्हरेव्होल्यूशन जिंकलं. पण थंड गोळ्यांच्या कागदावर १७० च्या सगळ्या गोळ्या दोन इंचात, तापमान शून्याखाली असो की ऑगस्टचा घाम असो, आणि हाच कागद बघून मी १७० घेतली. व्हाइटटेलच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, माझा पल्ला शंभरच्या आतला, तिथे बेंचवरच्या एका इंचापेक्षा रोज तीच जागा मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं. जड बोथट गोळी मंद असली तरी आत सरळ आणि खोल जाते, हरीण थोडं तिरकं उभं असलं तरी. ज्यांचं मचाण मक्याच्या शेताच्या कडेला आहे आणि दीडशे-दोनशे यार्डांचा शॉट खरंच येतो त्यांनी १६० च घ्यावी, माझंही तेच मत आहे.

झिरो (स्कोपचा पक्का केलेला नेम) मी शंभरला दीड इंच वर ठेवलाय. म्हणजे जवळच्या हरणाला काही विचार न करता मध्यावर धरायचं, सव्वाशेलाही तेच. दोनशेवर १७० भरपूर खाली येते, ऊर्जाही जवळपास निम्म्यावर आलेली असते, तिथे मी गोळी सोडणारच नाही.

आणि लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा नंबर! हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा आपण सगळे रात्री जागलो, पण त्या खेळात मधली दहाची रिंग फक्त १०.४ मिलिमीटरची असते, आणि तिथले नेमबाज रायफल शिकंज्यात बसवून एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जुळला तो लॉट उचलतात. एले आणि लापुआ या काडतूस कंपन्यांची खास त्यासाठी टेस्ट सेंटर्स आहेत. आपल्याला इतकं काटेकोर नको, पण तत्त्व तेच. पावडरचा लॉट बदलला की त्याच नावाच्या बॉक्समधून वेगळा ग्रुप निघू शकतो. मी निवडलेल्या लॉटचे बॉक्स एकदम घेऊन ठेवलेत, त्यातूनच झिरो, त्यातूनच सराव, त्यातूनच सीझन. नवीन लॉट आला की नवीन कागद.

सीझनआधी अजून एक करून बघायचंय, हॉर्नडीची १४० ग्रेन मोनोफ्लेक्स. तांब्याची गोळी, शिसं नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, इथे तसं बंधन नाही, पण आमच्या घरी हरणाचं मटण लहान मुलं खातात आणि शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, त्यामुळे मला ती जमली तर हवीच आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला जास्त वेढा लागतो. माझ्या दहा इंची वेढ्यात अडचण यायला नको, बारा इंची वेढ्याच्या विंचेस्टर ९४ वर कुणी मारून बघितली असेल तर ग्रुप आणि थंड गोळी दोन्ही लिहा, शक्यतो तापमानासकट. मी शनिवारी जातेय, बॉक्स आलाय, कागदही कापून ठेवलाय.