दुसऱ्याच्या रांगेत आपलं गाणं

दार उघडायची वेळ सहाची. सव्वासहा झाले तरी आत साउंडचेक चालूच. ड्रमवाला एकच ठोका पंचवीस वेळा मारत होता, मग थांबत होता, मग पुन्हा मारत होता. बाहेर रांग वळसा घालून मागच्या भिंतीपर्यंत पोचलेली. गेट सांभाळणाऱ्या माणसाला याहून नकोशी वेळ नाही.

मी अकरा वर्षं कार्यक्रमांची गेटं सांभाळते. मंचावर कोण काय वाजवतं ते मला भिंतीच्या अलीकडूनच ऐकू येतं. माझं जग म्हणजे बॅरिकेड, बॅगतपासणीची टेबलं, मनगटाला बांधायचे पट्टे आणि वॉकीटॉकी. त्या दिवशी एका नावाजलेल्या रॉक बँडचा शो होता आणि तिकिटं केव्हाच संपली होती.

ती पाच पोरं मला दुपारी चारलाच दिसली होती. काळे टीशर्ट, पाठीवर बँडचं नाव. लवकर आलेले चाहते असतील, असं वाटलं. तासाभराने गार्ड सांगत आला, "मॅडम, ही पोरं भलत्याच बँडची पत्रकं वाटतायत." टीशर्टवरचं नाव मग नीट वाचलं. खरंच भलताच बँड! मी कधी ऐकलेलाही नव्हता.

आमच्या हद्दीत काय वाटायचं, काय विकायचं, हे करारात ठरलेलं असतं. जाहिरातीची जागा प्रायोजकांनी विकत घेतलेली, टीशर्टचा स्टॉल बँडचा स्वतःचा. पण जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीपलीकडचा फुटपाथ आमचा नाही. मी त्यांना पट्टीच्या पलीकडे जायला सांगितलं. गेली बिचारी, एका शब्दाने वाद घातला नाही.

काम करत होती मात्र हुशारीने. कोणाच्या अंगावर कागद फेकणं नाही. त्यातली चष्मेवाली मुलगी रांगेतल्या माणसाला आधी विचारायची, "ह्यांचं कुठलं गाणं तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतं?" समोरचा खुलून बोलायला लागायचा. मग त्याच्या उत्तरावरून ही सांगायची, की मग आमच्या बँडचं अमुक गाणं आधी ऐका, ते दुसरं नंतर. पत्रकावर क्यूआर कोड होता, त्याच्याखाली पेनाने ती त्या गाण्याचं नाव लिहून द्यायची. पैसे घेऊन पत्रकं वाटणारी माणसं मी खूप पाहिलीयत, इतकी मेहनत कोणी घेत नाही. आणि जागाही नेमकी निवडलेली. गिटार ऐकायला आलेल्या माणसाला गिटार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

एकच चूक करत होती. आत जाणाऱ्याच्या एका हातात फोन, दुसऱ्यात बॅग. पत्रक बॅगतपासणीच्या टेबलापर्यंत येतं आणि तिथून माझ्या कचऱ्याच्या डब्यात जातं. मी तिला म्हटलं, "बाई, हे सुटताना वाट. तेव्हा हात मोकळे असतात." ती म्हणाली, "मॅडम, तेव्हा पण वाटणारच आहोत."

सहा वाजून वीस मिनिटांनी आतला ड्रम थांबला. चार दारांपैकी दोनच दारांवरची माणसं जागेवर होती, म्हणून मी दहा मिनिटं मागून घेतली. बाहेर एकदम शांतता. आणि त्या शांततेत मागच्या भिंतीकडून गिटारचा आवाज आला. पाठोपाठ हजारो माणसांचा जल्लोष.

पोरांनी स्पीकर आणला होता. वाजवत होती लाइव्ह रेकॉर्डिंग, टाळ्या-शिट्ट्यांसकट. भिंतीवर आपटून तो आवाज कुठून येतोय हे कळेना. रांगेच्या शेपटाला वाटलं, शो सुरू झाला आणि आपण बाहेरच राहिलो.

मागचा माणूस एक पाऊल पुढे टाकतो. त्याच्या दृष्टीने ते एकच पाऊल. पण त्याला बंद दार दिसत नसतं, आणि ज्याला दिसतं त्याला मागे सरकता येत नाही. पुढची माणसं हात छातीशी घ्यायला लागली, की मी समजते. मग बॅरिकेडचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत जो तो आपल्या पायावर उभा असतो. आकडा त्याच्या बराच वर गेला, की माणसं गर्दीच्या मर्जीने हलतात.

आमच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराची गोष्ट सांगतात. ३ डिसेंबर १९७९, द हू या बँडचा शो. बाहेर हजारो लोक ताटकळलेले, उघडी दारं मोजकीच. आतून आवाज आला, लोकांना वाटलं सुरू झालं. दारापाशी ११ जण गेले, गुदमरून. आत शो पार पडला, बँडला नंतर कळलं. मी ते फक्त वाचलेलं. त्या संध्याकाळी ते माझ्या पोटात उतरलं.

पुढून ओरडून उपयोग नसतो, दाब मागून येत असतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन गार्ड शेपटाकडे पळवले: आधी स्पीकर बंद, मग शेवटच्या रांगांना तीन पावलं मागे. मी मेगाफोन घेऊन तिकडेच धावले. "शो सुरू झालेला नाही, दारं उघडलेली नाहीत," असं चारदा सांगितलं. कोण विश्वास ठेवतो? गेटवरची बाई असंच सांगणार, हे लोकांना पाठ असतं.

स्पीकर हातात धरून एक लांब केसांचा पोरगा उभा होता, चेहरा पांढराफटक. मी मेगाफोन त्याच्या तोंडासमोर धरला. "तू सांग."

तो म्हणाला, "आता वाजलं ते... ते ह्यांचं नव्हतं. आमच्या बँडचं होतं. सॉरी." मग, सवयीने असेल, त्याने बँडचं नावही सांगितलं.

एक क्षण कोणी काही बोललं नाही. मग जी हुर्यो उडाली! शिव्या, शिट्ट्या, हसणं. कोणीतरी ओरडलं, "वाजवतात बरं, पण आज नको!" हसणारी माणसं ढकलत नाहीत. शेपूट मागे सरकलं, बॅरिकेडपाशी श्वास घ्यायला जागा झाली. साडेसहाला चारही दारं एकदम उघडली. हिशोब सांगायचा तर एकाचं कोपर खरचटलं, एकीचा चष्मा तुटला. बस.

स्पीकर मी जप्त केला. पोरांना केबिनपाशी उभं करून जे बोलले ते इथे लिहीत नाही. लांब केसवाला मान खाली घालून ऐकत होता, पण मी श्वास घ्यायला थांबले तर म्हणतो, "मॅडम, मेटालिका बँड असाच वाढला. १९८२ ला त्यांचा डेमो लोकांनी कॅसेटवर उतरवून उतरवून एकमेकांना पाठवला. किस बँडच्या गाण्यांसाठी तर १९७५ मध्ये अमेरिकेत इंडियानातल्या दोन पोरांनी रेडिओ स्टेशनच्या मागे लागून चाहत्यांची फौज उभी केली."

"कॅसेट पाठवली ना? रांगेमागे स्पीकर नाही ना लावला?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आयोजकांच्या माणसाचं म्हणणं होतं, पोरांना पोलिसांकडे द्या. मी म्हटलं, मग अर्धा तास दार कोणी अडवून ठेवलं तेही सांगावं लागेल. विषय तिथेच मिटला.

शो सुटायच्या आधी मी त्या पाच जणांना रस्ता रुंद होतो त्या कोपऱ्यावर उभं केलं. दारापाशी कोणी पत्रक घ्यायला थांबला, तर मागचे त्याच्यावर आदळतात. तिथे चालता चालता घेता येतं. गाणं ऐकून कान बधिर झालेली माणसं बाहेर आली आणि खरंच हात पुढे करत गेली. काही जण तर "अरे, हाच तो स्पीकरवाला!" म्हणून मुद्दाम वळून येत होते.

साडेअकराला पोरं केबिनपाशी आली. हातात पिशवी, पिशवीत रस्त्यावर पडलेली पत्रकं. न चुरगळलेली निवडून वेगळी ठेवत होती, पुढच्या वेळेसाठी. कोणाच्या शोला, ते मी विचारलं नाही.

स्पीकर परत द्यायचा तर रजिस्टर भरावं लागतं. मी ते पुढे सरकवलं. लांब केसवाल्याने वस्तूचं वर्णन लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. मी पाहिलं तर नावाच्या रकान्यात बँडचं नाव, ठळक अक्षरात. मी त्याला ते खोडायला लावलं आणि स्वतःचं लिहून घेतलं.