नानांना लिव्हर मी का दिलं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि हे शेवटचं. रक्तगट जुळत होता, वयात बसत होतो, घरातला धट्टाकट्टा मुलगा मीच; तरी नानांना लिव्हर धाकट्या बहिणीनं दिलं. 'तू बरा सुटलास' हे पंगतीत, बारशात, कुठेही ऐकावं लागतं.

सुटलो नाही, मला बाद केलं. सोनोग्राफीत नुसतं 'ग्रेड वन', म्हणजे लिव्हरवर थोड्या चरबीचं निदान होतं, ते तर हल्ली सगळ्यांनाच असतं, म्हणता. असेल. पण तिथे लिव्हर किडनीपेक्षा किती पांढुरकं दिसतं, ते डॉक्टर नजरेनं ठरवतात. २०-३० टक्क्यांच्या आतली चरबी बरेचदा निसटते. कापाकापी करायची तर नेमका आकडा लागतो, म्हणून एमआरआय.

पोटावर पट्टा, कानात 'श्वास रोखून धरा', संपलं. पाण्यातल्या आणि चरबीतल्या प्रोटॉनचे सिग्नल यंत्र वेगळे काढतं आणि चरबीची टक्केवारी देतं. पाचच्या आत असलं तर ठीक. माझी १८.

सर्जननी कागदावर लिव्हर काढून मधोमध रेघ मारली. उजवीकडचा ६० टक्के भाग नानांना, उरलेल्यावर मी. चरबीचं लिव्हर बर्फातून काढून जोडलं की नीट चालेलच असं नाही, आणि माझ्याकडचं वाढायलाही अडून बसेल. मी हट्टाला पेटलो. दारूला शिवत नाही मी, सुई घालून तपासा! ते म्हणाले, "सुईत येतो तो लिव्हरचा पन्नास हजारावा भाग. इथं सगळं लिव्हर बघितलंय." तरी माझा आवाज चढलाच. बाहेर बाकावर बहीण कोपरात कापूस दाबून बसली होती. तिचं रक्त घेऊन झालं होतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

सुई मागत होतो ती संधी म्हणून, की अजून एक 'नाही' पदरात पडावं म्हणून? तेव्हाचा मी छातीठोकपणे सांगतो, संधी म्हणून. मला तो पटतो, रोज नाही. पण तुम्ही परस्पर निकाल लावावा इतकंही ते सोपं नाही.

पुढे वजन उतरवलं, आकडा ६ वर आला. त्यावर काकू म्हणाल्या, "मनात असतं तर तेव्हाच उतरवलं असतंस." त्याला महिने लागतात, काकू. नानांची बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, रोज चढत होती. रिपोर्ट फाईलमध्ये आहेत, या आणि बघा.