लाईट गेल्यावर सुरू होणारा धंदा

वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी ठेकेदाराचा वायरमन होतो. एका रात्रपाळीला लाईट गेली. जनरेटर 20 सेकंदांत धरला, पंखे फिरले, पण वरचे मेटल हॅलाइड दिवे काही लागेनात. ते एकदा विझले की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत; पाच-दहा मिनिटं सहज जातात. तेवढ्या अंधारात एक हेल्पर पिटमध्ये, म्हणजे मशीनच्या खड्ड्यात पडला. घोटा मोडला. "आमच्याकडे जनरेटर आहे की" असं कोणी म्हटलं की मला अजून तो पोरगा आठवतो.

2011 मध्ये थोरल्या भावाने कापसाच्या पट्टीतले 80 हजार हातावर ठेवले आणि मी चिकलठाण्यात भाड्याचा गाळा घेऊन, लाईट गेल्यावर बॅटरीवर आपोआप लागणाऱ्या इमर्जन्सी दिव्यांचा धंदा सुरू केला. पहिलीच ऑर्डर 40 नगांची. लेड-ॲसिड बॅटरीचे दोन डोळ्यांचे दिवे, पत्र्याच्या छताखाली हातभर अंतरावर ठोकले. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, हे मी वाचलेलं होतं. पण आपल्याकडचा मे महिन्यातला पत्रा काय चीज आहे, हे डोक्यात आलं नाही. वर्षभरात 31 दिवे बंद पडले. एका डब्यातली बॅटरी इतकी फुगली होती की स्क्रूड्रायव्हरने कडा उचकून काढावी लागली. सगळे नग पदरमोड करून बदलून दिले. त्या वर्षी भावाला एक रुपया परत देता आला नाही.

तेव्हापासून दिवे छतापासून खाली, कॉलमवर. बॅटरी आधी निकेल-कॅडमियम, आता लिथियम आयर्न फॉस्फेट. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तेही जमलं नाही, भट्टीजवळ बॅटरीच नको. तिथे बॅटऱ्यांचं कपाट वेगळ्या खोलीत ठेवलं आणि शेडमध्ये नुसते एलईडी लावले.

खरा त्रास मात्र वायरिंगचा आणि माणसांचा. कुठे आमच्या दिव्याची लाईन भलत्याच फेजवरून, म्हणजे शेडच्या दिव्यांपेक्षा वेगळ्या वीजवाहिनीवरून घेतलेली असते. शेडमधला एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडतो, अंधार होतो, पण आमच्या दिव्याला सप्लाय चालूच दिसतो, मग तो लागेल कसा? कुठे झाडणारी मावशी जाताना "उगाच कशाला जळू द्यायचा" म्हणून बटण बंद करते. चूक तिची नाही, तिथे बटण ठेवणाऱ्याची. आम्ही आता चालू-बंदचं बटणच ठेवत नाही.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याने दर जानेवारी आणि जुलैत फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला भरावा लागतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात आमचा फोन थांबत नाही. पुष्कळांना फक्त टेस्टचं बटण दाबून हिरवा टिळा हवा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दिवा 1 सेकंदात लागायला आणि 90 मिनिटं टिकायला हवा. म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी मेन पाडून बसतो, वॉचमनकाकांच्या थर्मासमधला चहा घेत, घड्याळाकडे बघत. निम्मे दिवे एका सुट्टीला, निम्मे पुढच्या. सगळे एकदम रिकामे करून ठेवले तर चार्ज होईपर्यंत शेड उघडी पडते.

मागच्या महिन्यात 84 व्या मिनिटाला जिन्यावरचा एक दिवा गेला. मेन्टेनन्सचे साहेब म्हणाले, "अहो, सहा मिनिटांसाठी बॅटरी बदलता होय?" नवी बॅटरी सोमवारी चढली. बिल अजून परचेसमध्ये अडकलंय.