कॅम्पातला नाताळ आणि यूकेची यादी

2020 च्या डिसेंबरात मी बेळगावात कोरोनाचे स्वॅब घेणाऱ्या मोबाईल टीमवर होतो, लॅब टेक्निशियन, कॉन्ट्रॅक्टवर. तोवर काम जरा सैल पडलेलं, केसेस उतरलेल्या, लोक मास्क हनुवटीला अडकवून फिरायला लागलेले, आम्हालाही वाटायला लागलं होतं की चला, संपतंय आता. आणि तेवढ्यात इंग्लंडच्या नव्या स्ट्रेनची बातमी आली, 22 तारखेच्या मध्यरात्रीपासून तिकडची विमानं बंद, आणि वरून हुकूम, की 25 नोव्हेंबरपासून तिकडून जे जे आलेत त्यांना शोधा आणि टेस्ट करा.

शोधा म्हणणं सोपं असतंय. यादीत नाव इंग्रजीत, पत्ता पासपोर्टवरचा जुना, आणि नंबर बऱ्याच जणांचा तिकडचाच, तो बंद. बरं, निम्मा स्टाफ ग्रामपंचायत निवडणुकीला नेलेला, 22 चा टप्पा झालेला आणि 27 चा व्हायचा. एकाने फोन उचलून सांगितलं मी मुंबईत आहे, आणि त्याच्या मागं भाजीवाला कन्नडात ओरडत होता. पण खरं सांगू, मला त्या माणसाचा रागबिग नाही आला. टीव्हीवर दिवसभर 'यूकेहून आलेले बेपत्ता' असं चाललेलं, जणू जेल फोडूनच पळालेत. अशात कोण स्वतःहून सांगेल, या, माझ्या दारात गाडी लावा म्हणून? जे सरळ फोन उचलायचे त्यांच्याच दारात आमची गाडी उभी राहायची, आणि गल्ली त्यांच्याकडंच बघायची.

त्यात नाईट कर्फ्यूचा घोळ. 23 ला मुख्यमंत्री येडियुरप्पांनी जाहीर केला, मग वेळ बदलली, 24 ला लागू होणार म्हणेपर्यंत त्याच दिवशी रद्दपण झाला. कॅम्पातली, म्हणजे बेळगावच्या कॅन्टोन्मेंट भागातली, ओळखीची लोकं मलाच फोन करून विचारत होती, मिडनाइट मासला, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, जाता येतंय काय, कर्फ्यू मीच लावल्यासारखं.

तर 25 ला, शुक्रवार होता, यादीतलं एक घर कॅम्पातलं निघालं, फिश मार्केटच्या अलीकडं. मुलगा इंग्लंडात केअर होममध्ये कामाला, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलेला, फोन पहिल्याच रिंगला उचललेला. घर मूळ गोव्याकडचं, पण पिढ्या इथंच गेलेल्या, घरात कोंकणी, बाहेर मराठी. ड्रायव्हरला म्हटलं गाडी कोपऱ्यावरच थांबव, आणि पीपीई किट मी कंपाउंडच्या आत जाऊन त्यांच्या कारच्या आडोशाला घातलं. हे मी नेहमीच करायचो, रस्त्यावर किट चढवलं की अर्ध्या तासात सगळ्या गल्लीत पेशंट पॉझिटिव्ह होतो, रिपोर्ट लागतोय कशाला.

आत गेलो तर अंगणात जेवणाचं टेबल. घरातलं मोठं टेबल चौघांनी उचलून बाहेर आणलेलं, थेट बाहेरच्या जिन्याच्या पायथ्याशी. मुलगा वरच्या खोलीत वेगळा ठेवलेला, त्याच्यासाठी जिन्याच्या वरच्या कठड्यापाशी प्लास्टिकची खुर्ची आणि स्टूल. म्हणजे खाली आई, वडील, काका, काकी, आणि वरती हा. जेवण एकत्र, अंतर जिन्याएवढं. बाजूला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा केलेला, त्यात पेरलेल्या नाचणीचे हिरवे कोंब वीतभर आलेले, वर कागदी तारा. आणि टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल, त्यावर मुलगी.

मुलगी तिकडं नर्स. तिचं तिकीट 23 चं होतं, ते गेलं. ती राहायची त्या भागात तेव्हा टिअर फोरचे निर्बंध, म्हणजे दुसऱ्या घरातल्या कुणाला आपल्या घरात घ्यायचंच नाही, नाताळलासुद्धा. आमच्याकडं बारा वाजलेले म्हणजे तिकडं पहाटेचे साडेसहा, तिच्या मागची खिडकी काळीकुट्ट, आणि ही ड्यूटीचा ड्रेस घालून, एकटी, चहा पीत आमच्या अंगणातलं जेवण बघत होती.

आधी एंट्री करायची असायची. मुलाचं सिम तिकडचं, म्हणून ओटीपीला त्याच्या आईचा, आंटींचा, नंबर दिला. ओटीपी आला, पण मुलगी त्याच फोनवर व्हिडिओ कॉलवर! आंटी घाबरल्या, कॉल कट झाला तर परत लागतोय की नाही, ती ड्यूटीवर जाणार. मुलगी तिकडून सांगते, "मम्मी, कट करू नको, वरून खाली ओढ बोटानं." आंटी ओढतात, कॅमेरा फिरतो, आम्हाला सगळ्यांना गोठा दिसतो. काकांनी फोन घेतला तर ओटीपीची वेळ संपलेली. परत पाठवला. मी किटमध्ये घामानं निथळतोय, गॉगलवर वाफ, ड्रायव्हरचा फोन, "सर, होगोण री, इन्ना एरडू मने इदावू," अजून दोन घरं राहिलेली.

शेवटी वर गेलो. मुलगा खुर्चीत ताठ बसला. खालून फोनमधून आवाज, "भाऊ, उजवीकडून नको हं, त्याचं नाक लहानपणी सायकलवरून पडून वाकडं झालंय, डावीकडून घ्या!" खरंच वाकडं होतं. डावीकडून घेतलं, मग घशातलं, काडी व्हीटीएममध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या गुलाबी द्रावणात, मोडली, झाकण, लेबल, आइसबॉक्स. स्वॅबनं डोळ्यात पाणी येतंच, सगळ्यांच्याच येतंय. पण खालून आंटींना फक्त पोराचे डोळे दिसले. "रडू नको रे बाळा, आजच्या दिवशी." तो म्हणाला, "स्वॅबचं आहे गं मम्मी." स्वॅबचं पाणी एखाद्या मिनिटात थांबतं, मी वरची पायरी सॅनिटाइज करायला मुद्दाम वेळ लावला.

खाली आल्यावर आंटी म्हणाल्या, "जेवून जा." किटमध्ये पाणीसुद्धा पिता येत नाही, म्हटलं नको. मग नाताळच्या गोडाचा डबा भरून दिला, नेवऱ्यो, कुलकुल, दोदोल, आणि वेगळ्या डब्यात सोरपोतेल, डुकराच्या मटणाचं. "तुझी आई कुठं असते?" खानापूरकडं गावात, म्हटलं, दिवाळीपासून गेलो नाही, घरी म्हातारी माणसं, माझं काम हे असलं. त्यांनी दोदोलचा अजून एक तुकडा टाकला, बोलल्या काही नाहीत. सोरपोतेल मी एकट्यानं संपवलं, ड्रायव्हर शाकाहारी.

रिपोर्ट दोन दिवसांनी निगेटिव्ह आला. आधी आमचे सॅम्पल बाहेरगावी जायचे, बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेत टेस्टिंग सुरू झाल्यापासून एवढं तरी बरं. फोन केला तर आंटींचा पहिला प्रश्न, "मग आता खाली आणू काय?" म्हटलं नाही आंटी, निगेटिव्ह असला तरी आल्यापासून 14 दिवस पुरे करायचेत. लगेच 29 ला त्या नव्या स्ट्रेनच्या देशातल्या पहिल्या सहा केसेस जाहीर झाल्या, त्यातल्या तीन बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या लॅबमध्ये सापडलेल्या, आणि आमचे फोन परत सुरू.

जानेवारीत त्यांचा परत फोन. 8 तारखेपासून तिकडची विमानं येणार म्हणे, पोरगी तिकीट काढतेय, विमानतळावर टेस्टचे पैसे आपल्यालाच भरायचे काय? व्हय, म्हटलं, आपल्यालाच. "असू दे," म्हणाल्या, "इथं आल्यावर परत घ्यायचा असेल तर तूच ये. हिचं नाक सरळ आहे."